हौसेला चार तारा पुरे

बेस गिटार हे वाद्य आजवर बहुतेकांच्या गळ्यात पडलेलं आहे. हौसेनं मागून घेतलेलं क्वचितच. १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडला, बेस कोण वाजवणार हा प्रश्न आला, बाकीच्यांनी अंग काढून घेतलं आणि ते काम पॉल मॅकार्टनीच्या पदरी पडलं. कॅरोल के या लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये गिटार वाजवत. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला उगवलाच नाही, म्हणून बेस त्यांच्या हाती देण्यात आला. पुढे अमेरिकेतल्या सर्वाधिक मागणी असलेल्या बेसवादकांत त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. लॅरी ग्रॅहम आईच्या बँडमध्ये ऑर्गनच्या पायपट्ट्या दाबून खर्जाचे सूर भरत असे. ऑर्गन बिघडला, तेव्हा तात्पुरता म्हणून भाड्यानं बेस आणला, आणि तो परत गेलाच नाही. मग बँडमधला ड्रमवालाही गेला. त्याची उणीव भरून काढायला ग्रॅहम अंगठ्यानं तारा बडवू लागला. आज ज्याला ‘स्लॅप’ म्हणतात ती शैली या नडीतून निघाली.

आता चित्र पालटलं आहे. ठाण्यात, पुण्यात, नाशकात चाळिशी ओलांडलेली माणसं ठरवून, पैसे साठवून बेस विकत घेतात. कुणी बँकेत आहे, कुणी दातांचा डॉक्टर, कुणाची मुलगी दहावी संपवून मोकळी झाली आणि तिच्या गिटारसोबत वाजवायला बाबांना काहीतरी हवंय. ही मंडळी व्यासपीठावर जाणार नाहीत आणि त्यांना जायचंही नाही. मात्र खरेदीला निघाली की पहिल्याच दिवशी गोंधळतात, कारण दुकानात आणि इंटरनेटवर मिळणारा सल्ला धंदेवाईक वादकाच्या गरजांचा असतो. हौशी माणसाच्या गरजा वेगळ्या आणि बऱ्याच कमी असतात. एक साधा, चार तारांचा, हाताला बसणारा बेस घ्यावा, तो जाणकाराकडून नीट लावून घ्यावा आणि उरलेला पैसा, त्याहून महत्त्वाचं म्हणजे उरलेला वेळ, इतरांबरोबर वाजवण्यात घालावा. हे म्हणायला सोपं आहे, पण दुकानाच्या भिंतीसमोर उभं राहिलं की विसरायला होतं.

मुळात या वाद्यात फार बिघडण्यासारखं काही नाही. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. डबल बेस हे माणसाहून उंच वाद्य गाडीत मावत नाही, बँडच्या गोंगाटात ऐकू येत नाही आणि पडदे नसल्यामुळे सूर अचूक लागेलच याची खात्री नसते, या तक्रारी त्यानं वादकांकडून ऐकल्या होत्या. १९५१च्या अखेरीस त्यानं फ्रेट, म्हणजे पडदे, असलेला, गळ्यात अडकवता येणारा विजेचा बेस बाजारात आणला. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. त्याआधी १९३०च्या दशकात सिएटलच्या पॉल टटमार्कनं असाच प्रयत्न केला होता, पण तो रुजला नाही. फेंडरनं तारेच्या कंपणाऱ्या भागाची लांबी ३४ इंच ठरवली, ती आजही प्रमाण मानली जाते. १९५७ मध्ये प्रिसिजनला दोन तुकड्यांचा पिकअप आला, १९६० मध्ये सडपातळ नेकचा ‘जॅझ बेस’ आला. त्यानंतर खूप काही झालं असं कंपन्यांचे कॅटलॉग सांगतात. खरं सांगायचं तर दुकानात टांगलेल्या बेसपैकी बहुतेक या दोघांचीच भावंडं असतात. स्क्वायर, यामाहा, इबानेझ, कोर्ट यांपैकी कुणाचाही सुरुवातीचा बेस आज इतपत नेटका बनतो, की त्यावर शिकताना वाद्याला दोष देता येत नाही.

मग पाहायचं काय? दुकानातला पोरगा बेस ॲम्पला जोडून दोन मिनिटं स्लॅपची आतषबाजी करून दाखवतो आणि गिऱ्हाईक दबून जातं. गिऱ्हाइकानं त्याला नमस्कार करून बेस आपल्या हातात घ्यावा, पट्टा गळ्यात घालून उभं राहावं आणि डावा हात नेकवरून काढून घ्यावा. नेक जमिनीकडे झुकू लागली तर बेस नाकारावा, मग रंग कितीही देखणा असो. अशा बेसवर डाव्या हाताला सूर धरण्याआधी वाद्यच तोलून धरावं लागतं, आणि तासाभरानं खांदा बोलू लागतो. मग सगळ्यात बारीक, म्हणजे जीच्या तारेवर, पहिल्या फ्रेटपासून एकेक सूर सावकाश वाजवत वर जावं आणि प्रत्येक सूर विझेपर्यंत ऐकावा. पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर शेजाऱ्यांच्या मानानं लवकर मरताना आढळतो. ती ‘डेड स्पॉट’ची जागा. थोडीफार ती पुष्कळ बेसमध्ये असते, महागड्यांतही, पण एखाद्या नगात ती इतकी ठळक असते की कायम खुपत राहते. एकाच मॉडेलचे दोन नग असतील तर दोन्ही वाजवून पाहावेत. शेवटी बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि तिथंच दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर जुळतात का ते पाहावं. जुळत नसतील तर घाबरायचं कारण नाही, ब्रिजवरचे स्क्रू फिरवून ते जुळवता येतं. फक्त दुकानदाराकडून तेवढं फुकट करून घ्यावं.

ही सगळी परीक्षा पाऊण तासाची. मुंबईत धोबीतलावला फुर्ताडोसारखं १८६५ पासून चालत आलेलं दुकान असो की गावातलं नवं, सावकाश वाजवणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी हाकलत नाही.

‘बेस वाजवायला हात मोठे लागतात’ हा समज मात्र मुळातून काढायला हवा. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर साधारण १३ सेंटिमीटर भरतं. चार बोटं चार फ्रेटवर ताणून ठेवायला गेलं तर ते खरंच अंगावर येतं. पण डबल बेसवाले गेली दीडशे वर्षं खालच्या सुरांसाठी तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यांवर काम भागवत आले आहेत. हात पसरण्याऐवजी ते हात सरकवतात. तेही जड वाटत असेल तर ३० इंची, शॉर्ट स्केल बेस घ्यावा. त्यावर हेच अंतर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत येतं आणि तारांचा ताणही कमी असतो. या बेसला मुलांचं खेळणं समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा होफनर ३० इंची होता आणि ‘क्रीम’ या बँडच्या जॅक ब्रूसचा गिब्सन साडेतीस इंची. मॅकार्टनीनं तो होफनर हॅम्बुर्गमध्ये अंदाजे ३० पौंडांना घेतला. फेंडर त्याला परवडत नव्हता आणि होफनर दोन्ही बाजूंनी सारखा असल्यानं डावखुऱ्याच्या हातात उलटा दिसत नव्हता. जगातल्या सर्वात प्रसिद्ध बेसच्या निवडीमागं एवढीच दोन कारणं. तो बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि ससेक्समधल्या एका घराच्या माळ्यावर निघाला. २०२४च्या फेब्रुवारीत तो मालकाकडे परतल्याची बातमी जगभर छापून आली.

पाच तारांच्या बेसबद्दल मत विचाराल तर स्पष्टच सांगितलेलं बरं : हौशी माणसाला त्याची गरज नाही. नेहमीच्या बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला कंपते. पाचवी तार ३१ हर्ट्झपर्यंत खाली जाते. घरातला छोटा ॲम्प तो पाया पुरता उचलूच शकत नाही, म्हणजे जादा पैसे देऊन घेतलेला सूर ऐकूच येत नाही. शिवाय नेक रुंद होते आणि न वाजणाऱ्या तारेला गप्प बसवण्याचं एक काम वाढतं. मेटल वाजवणारे, चर्चच्या बँडमध्ये दर रविवारी गाण्याची पट्टी बदलणारे, स्टुडिओत पोट भरणारे यांची गोष्ट निराळी.

लाकडाचा वाद तर संपतच नाही. कुणी ॲल्डरची बाजू घेतो, कुणी ॲशची. विजेच्या बेसचा आवाज तारा, पिकअप आणि वाजवणाऱ्याची बोटं यांनी जितका बदलतो, त्यापुढं बॉडीच्या लाकडाचा फरक हौशी कानाला कळण्याजोगा नसतो. फिंगरबोर्डच्या लाकडात मात्र मराठी वाचकाला वेगळा रस वाटावा. जगभरच्या गिटारींवर वर्षानुवर्षं लागत आलेलं ‘इंडियन रोझवूड’ म्हणजे आपला शिसव. डाल्बर्जिया जातीच्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २ जानेवारी २०१७ पासून कागदपत्रांची बंधनं आली आणि कंपन्या पर्याय शोधू लागल्या. तयार वाद्यांना २०१९च्या नोव्हेंबरात सूट मिळाली, तोवर पर्यायी लाकडं रुळली होती. त्यातलंच एक ‘इंडियन लॉरेल’. म्हणजे सह्याद्रीत पावलोपावली दिसणारा, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला ऐन! स्वस्तातल्या बेसवर हे नाव वाचून नाक मुरडणारे पुष्कळ असतात. ऐन हे कठीण, टिकाऊ लाकूड आहे, एवढं कोकणातला कुणीही सांगेल.

जिथं पैसे घालावेत ती जागा म्हणजे सेटअप. नव्या बेसवर तारा फिंगरबोर्डपासून बऱ्याचदा उगाच उंच असतात, आणि बोटं दुखली की माणूस स्वतःला दोष देतो. नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारांचा ताण नेकला पुढं ओढतो, सळई तिला मागं धरते. हा तोल आपल्या हवेत वर्षभर सारखा राहत नाही. मुंबई-रत्नागिरीच्या पावसाळ्यात लाकूड दमट होऊन नेक किंचित हलते, नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं तळहाताला बोचू लागतात. तपासणी घरी करता येते. तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं आणि नेक बॉडीला जिथं मिळते त्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट पाहायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी असावी. फट नसेलच किंवा दोन-तीन कार्डं जात असतील, तर ॲलन की घेऊन सळई पाव फेरा फिरवायची, तारा पुन्हा सुरात लावायच्या, वाट पाहायची. पाव फेऱ्याहून जास्त एका दमात कधीच नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, जाणकाराकडे न्यावं.

तारांचं वेड हा स्वतंत्र विषय आहे, आणि तिथं जेम्स जेमर्सनला टाळून पुढं जाता येत नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत बेस त्याचा आहे. वाद्य मुख्यतः १९६२चा प्रिसिजन. उजव्या हाताचं फक्त एक बोट, तर्जनी. वादकांनी त्या बोटाला ‘हुक’ असं नावच ठेवलं होतं. तारा गुळगुळीत पृष्ठाच्या, फ्लॅटवाऊंड, इतक्या उंच लावलेल्या की दुसऱ्याला तो बेस वाजवणं कष्टाचं जाई. आणि त्या तारा तो तुटल्याशिवाय बदलत नसे. त्यांवर साठलेल्या मळातच नाद आहे असं त्याचं मत. ब्रिजच्या झाकणाखाली तारांना टेकलेला फोमचा तुकडा सूर लांबू देत नसे. हा आवाज हवा असेल तर हजारो रुपयांचं काही घ्यावं लागत नाही. भांडी घासायचा नवा स्पंज बोटभर कापून ब्रिजलगत तारांखाली सरकवला आणि टोनची खुंटी मिटवली, की दिवाणखान्यात साठचं दशक अवतरतं. उलट झणझणीत, पियानोसारखा आवाज आवडत असेल तर खरबरीत, राऊंडवाऊंड तारा हव्यात, आणि त्या घामानं नि दमट हवेनं लवकर मरतात. संच हजारांच्या भाषेत बोलतो. त्यामुळं मेलेल्या तारा पाण्यात उकळून महिनाभर आणखी चालवणारे बेसवाले सगळीकडे आहेत. पातेलं वेगळं ठेवावं, घरात शांतता राहते.

बॅटरीवर चालणाऱ्या, ‘ॲक्टिव्ह’ बेसबद्दल इतकंच : वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवायची सवय नसेल तर तो घेऊ नये. जॅक आत राहिला की नऊ व्होल्टची बॅटरी रात्रंदिवस जळत राहते आणि ऐन वेळी आवाज फाटतो.

शेजाऱ्यांचा विचार आधी करावा, म्हणजे सोसायटीच्या सभेत करावा लागत नाही. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून जास्त असते. इतक्या लांब लहरीला फ्लॅटची भिंत फारशी आडवी येत नाही. घरात वाजवणाऱ्याला मध्यम वाटणारा आवाज खालच्या मजल्यावर नुसता गुणगुणाट होऊन पोचतो. मुठीएवढा हेडफोन ॲम्प हा हौशी बेसवाल्याचा खरा मित्र. गिटारच्या छोट्या ॲम्पवर बेस जोरात वाजवायचा मोह टाळावा, त्याचा स्पीकर त्यासाठी केलेला नसतो.

आणि आता मूळ आनंदाकडे. बेस एकट्यानं वाजवण्यात गंमत आहे, पण ती थोड्या दिवसांत आटते. तबलजीचा डग्गा एकटा ऐकायला कोण बसतं? तो काढून घेतला की मात्र ठेका पोरका होतो. बेसचंही तसंच. म्हणून हौशी माणसानं पहिलं वर्ष तरी ऐकण्यात घालवावं, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नव्हे. त्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जाचे मूळ सूर निघतच नाहीत. वरच्या स्वरांशांवरून मेंदू ते अंदाजानं भरून घेतो, म्हणून चाल ओळखू येते आणि बेस आहे असा भास होतो. बरे हेडफोन लावून सत्तरच्या दशकातली राहुलदेव बर्मन यांची गाणी पुन्हा ऐकली तर लहानपणापासून पाठ असलेल्या गाण्यात कुणीतरी नवं बसल्यासारखं वाटतं. ते ‘नवं’ पुष्कळदा टोनी वाझ असतात. आर. डीं.च्या ताफ्यातले हे बेसवादक. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असत. वाजवणारी मंडळी, त्यांतले कितीतरी गोव्याचे, निनावी राहिली. डेट्रॉइटही याबाबतीत मुंबईहून पुढारलेलं नव्हतं. मोटाउननं वादकांची नावं छापायला १९७१ पर्यंत वाट पाहिली. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांवर २००८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं तेव्हा कुठं अनेकांना चेहरे मिळाले. आता मुंबईत वाढलेली मोहिनी डे जगभर स्वतःच्या नावावर वाजवते, हा फरक लहान नाही. तिचे वडीलही बेसवादक, त्यामुळं तिच्या बाबतीत ‘गळ्यात पडणं’ घरातूनच झालं म्हणायचं.

पोटापाण्याचं शिक्षण वेगळं आणि हातात बेस, याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘इंडियन ओशन’चे राहुल राम. कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट, मग नर्मदा खोऱ्यातल्या आंदोलनात काम, आणि मग बँड. त्यांचा बेस ऐकताना जाणवतं ते हे, की तो गाण्याच्या मागं उभा राहत नाही आणि गाण्याच्या पुढंही घुसत नाही. त्यांच्यासारखं गाता गाता बेस वाजवणं हे तसं अवघडच काम, कारण गळा एका लयीत आणि बोटं दुसऱ्या. हौशी मंडळींनी निदान गुणगुणत वाजवून पाहावं.

साथ शोधणं वाटतं तितकं कठीण नाही. गिटारवाले पोत्यानं मिळतात, बेसवाला मिळत नाही, हे प्रत्येक शहरातलं सत्य आहे. तासाच्या भाड्यानं मिळणाऱ्या जॅमपॅडमध्ये चार जण गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला सिनेमाच्या तिकिटाहून फार काही येत नाही. तिथं गेल्यावर कळतं, की घरी हेडफोनवर गोड वाटणारा गुबगुबीत आवाज ड्रम सुरू होताच गडप होतो, आणि घरी खरबरीत वाटणारा मधला नाद तिथं नेमका ऐकू येतो. बेस निवडण्याचं खरं शिक्षण तिथं मिळतं, आणि त्यानंतर बरेच जण नव्या बेसचा विचार सोडून टोनची खुंटी वेगळी फिरवतात.

सगळेच नव्हेत. वाद्यं जमवण्याच्या या आजाराला ‘स्टीली डॅन’च्या वॉल्टर बेकरनं १९९४ मध्ये एका लेखात गमतीनं वैद्यकीय थाटाचं नावही दिलं होतं, आणि ते जगभरच्या वादकांच्या तोंडी बसलं. हौसेला मोल नसतं हे खरं, पण भिंतीवर टांगलेल्या चौथ्या बेसच्या तारा गंजतात हेही खरं. दुसरा बेस घ्यायचाच तर पहिल्याला जे जमत नाही ते करणारा घ्यावा, आणि मराठी कानाला तो एकच आहे : फ्रेटलेस. ज्यांनी लहानपणापासून रेडिओवर शास्त्रीय गाणं ऐकलंय त्यांना फ्रेटच्या बेसवर एक गोष्ट कायम हुकल्यासारखी वाटते, ती म्हणजे मींड. फ्रेटलेसवर ती बोटाखाली येते. त्याबरोबर बेसूर होण्याचं पूर्ण स्वातंत्र्यही येतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावं. रेषा आखलेला फ्रेटलेस घेण्यात कमीपणा नाही. जॅको पास्टोरियसनं आपल्या १९६२च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून टाकले, वर होड्यांना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं आणि १९७६च्या पहिल्या अल्बमनं बेसवादनाचा नकाशाच बदलला. त्याच्या फिंगरबोर्डवरही बुजवलेल्या खाचांच्या रेषा लख्ख दिसत होत्या.